गाणं मांडवात, नाव बासनात: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका गायक-गीतकाराचं प्रकरण

रबाळे, गोठिवली, घणसोली, कोपरखैरणे, बोनकोडे. नवी मुंबईतल्या यांपैकी कुठल्याही गावठाणात हळदीच्या रात्री मांडवात जाऊन बसलं की तासाभरात ते गाणं वाजतंच. पोरं शिट्ट्या मारत उठतात, म्हाताऱ्या बायका खुर्चीत बसल्या जागी हात हलवतात, मुखडा सगळ्यांना पाठ असतो. लिहिलं कुणी, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पारंपरिक असंल." ज्याने लिहिलं, चाल लावली आणि पहिल्यांदा गायलं, तो त्या वेळी स्टेजच्या बाजूला साऊंडवाल्याशी मॉनिटरवरून हुज्जत घालत उभा असतो.

हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलेलं आहे. आगरी-कोळी गीतांच्या धंद्यात वारंवार दिसणारे व्यवहार एका माणसाच्या वाटचालीत गुंफले आहेत, त्यामुळे त्याचं नाव, गाण्यांचे मुखडे आणि कंपन्या इथे नाहीत. त्याच्या व्यवहारातले रुपये समजुतीपुरते धरावेत. कायदा, शुल्क आणि तांत्रिक तपशील मात्र जसेच्या तसे आहेत. गावात त्याला बुवा म्हणतात, आपणही तेच म्हणू.

बुवांची कारकीर्द वेडीवाकडी झाली ती गळ्यामुळे नाही आणि नशिबामुळे तर नाहीच. प्रत्येक वळणावर एक कागद होता, नाहीतर असायला हवा होता तो कागद नव्हता. तीन गाणी घेतली की सगळं उलगडतं: १९९९ च्या कॅसेटवरचं, २००६ च्या व्हीसीडीवरचं आणि २०१८ मध्ये स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर टाकलेलं.

भजनातून बेंजोकडे

सुरुवात वडिलांच्या भजनी मंडळात. पेटी, पखवाज, टाळ आणि दर एकादशीला रात्रभर गाणं. या शाळेने दोन गोष्टी दिल्या: अख्ख्या मंडळाला झेलता येईल असा मुखडा बांधण्याची सवय, आणि चार तास टिकणारा आवाज. सिडकोने जमिनी घेतल्या तशी शेती गेली आणि घरातला एक माणूस एमआयडीसीत लागला. बुवा केमिकल कंपनीत ऑपरेटर झाले, तीन पाळ्या. सेकंड शिफ्ट असली की कार्यक्रम बुडायचा. पुढे कुठल्या कार्यक्रमाची सुपारी घ्यायची आणि कुठली सोडायची, हे वर्षानुवर्षं कंपनीच्या शिफ्टच्या तक्त्यावर ठरत होतं.

नव्वदच्या दशकात ते बेंजो पार्टीत गाऊ लागले. हा बेंजो म्हणजे पाश्चात्त्यांचा बँजो नाही. बुलबुल तरंगच्या घराण्यातलं, टाइपरायटरसारख्या कळांचं, नखीने छेडायचं वाद्य, त्याला पिकअप लावून अँपला जोडलेलं. त्याचा आवाज चिरत जातो, म्हणून उघड्या मैदानात तो चालतो. गायकाची मात्र पंचाईत होते. बेंजो ज्या पट्टीत लावलाय त्या पट्टीतच गावं लागतं, मधेच बदलून मिळत नाही. बुवांनी लिहिलेल्या पहिल्या दहा-बारा गाण्यांची उडी पाच-सहा स्वरांपलीकडे जात नाही याचं कारण हेच. हुशारी म्हणा किंवा नाइलाज, पण लहान उडीची गाणी जमावाला गाता येतात, आणि तीच टिकली.

पहिला कागद

१९९९ मध्ये एका छोट्या कॅसेट कंपनीने आठ गाणी घेतली, चार अ बाजूला, चार ब बाजूला. रेकॉर्डिंग ठाण्यात नौपाड्यातल्या एका खोलीवजा स्टुडिओत झालं. नवी मुंबईहून थेट लोकल तेव्हा नव्हती, ठाणे-तुर्भे-नेरूळ मार्ग २००४ चा. ढोलकी मांडीवर घेऊन विटावा-कळव्यावरून बसने जायचं. दोन दिवसांत आठ गाणी डब झाली, कारण तासाच्या भावाने पैसे कंपनी देत होती आणि घड्याळ कंपनीच्या माणसाच्या हातात होतं.

सही स्टुडिओखालच्या चहाच्या टपरीवर झाली. "बुवा, फॉर्मॅलिटी आहे, इथे एक आणि मागे एक." कागदावर साधारण असं होतं: आठ गाण्यांचं मानधन रोख मिळालं, सर्व हक्क कंपनीकडे. मुदत लिहिलेली नाही, प्रदेश लिहिलेला नाही, रॉयल्टीचा शब्द नाही. कॅसेटच्या वेष्टनावर 'गायक व साथी' असं छापलं आणि गीत-संगीत या दोन शब्दांपुढे बुवांचं आडनाव एक अक्षर चुकून पडलं. त्या चुकीबद्दल तेव्हा वाईट वाटलं. पण ते चुकलेलं आडनावसुद्धा पुढे वीस वर्षांनी उपयोगी पडलं, कारण गाणं त्यांचं असल्याचा छापील पुरावा तेवढा एकच होता.

असा अर्धवट कागद गायकाच्या विरुद्ध जातो, असा या धंद्यात सर्वांचा समज आहे. खरं तर उलट. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने पोटकलमं घातली. हस्तांतराच्या कागदात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश नसेल तर फक्त भारत धरायचा. ही दुरुस्ती मे १९९५ पासून लागू आहे, म्हणून १९९९ चा कागद तिच्या कक्षेत येतो. म्हणजे शब्द आणि चाल यांचे हक्क २००४ मध्ये बुवांकडे परत आले होते. कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

इथे एक फरक पक्का करून घ्यावा लागतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द ही साहित्यकृती, तिचा मालक गीतकार. चाल ही संगीतकृती, तिचा मालक संगीतकार. आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी, तिचा मालक निर्माता, म्हणजे पैसे घालून रेकॉर्ड करून घेणारा. शब्द आणि चालीचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर साठ वर्षं. याखेरीज गायक म्हणून कलाकाराचा हक्क वेगळा, पन्नास वर्षांचा. बुवा गीतकार, संगीतकार आणि गायक, पण ध्वनिमुद्रण कंपनीचं. कॅसेटवरचा तो विशिष्ट आवाज कंपनीचाच राहणार. गाणं मात्र बुवांचं.

दुसरा कागद, चार पानी

व्हीसीडीचा काळ आला तेव्हा समोरचे लोक शहाणे झाले होते. २००६ चा करार चार पानी, इंग्रजीत, प्रत्येक पानावर सही. त्यात जग हा प्रदेश होता, मुदत कायमची होती आणि आज असलेली व उद्या निघणारी सर्व माध्यमं होती. बदल्यात रक्कम पहिल्यापेक्षा पाचपट. बुवांनी त्या पैशात घराला पत्रे काढून स्लॅब घातला, तेव्हा त्यांना मूर्ख म्हणायचं कारण नाही. व्हीसीडीत दिसतं ते तोंड नाचणाऱ्या पोराचं आणि पोरीचं. गायक ओठांमागे. लोक त्या नटाला गाणारा समजू लागले आणि सुपाऱ्यांसाठी फोन त्याच्याकडे गेले. गाणं लिहिणारा पडद्याआड राहिला, हा व्हीसीडीचा खरा फटका.

दोन वर्षांत तो धंदाही बसला. मोबाईलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं, त्यात बुवांची वीस गाणी फुकट. कॉलर ट्यूनचे पैसे कंपन्यांना गेले, कारण हक्क त्यांच्या नावावर होते.

ठाण्याचं वळण

या वळणाबद्दल बुवा बोलायला टाळतात. २००८ ते २०१२ या काळात त्यांनी आगरी शब्द काढून भावगीतं लिहिली. 'शहरी प्रेक्षक' मिळवायचा, असं कुणीतरी मनात भरवलं. ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या गडकरी रंगायतनात स्वतःच्या खर्चाने कार्यक्रम ठरवला. नाट्यगृहात शनिवार-रविवारच्या तारखा नाटकांकडे असतात, त्यांना मिळाली ती बुधवारची दुपार. त्यांचे ऐकणारे सगळे कंपनीत कामावर.

चुका तिथेच संपल्या नाहीत. आधी ठाण्यातल्या एका अरेंजरने, म्हणजे वाद्यमेळ बांधणाऱ्याने, ट्रॅक (आधीच रेकॉर्ड केलेली साथ) बनवले, सहगायिकेच्या पट्टीत. स्टुडिओत एका गाण्यासाठी तो स्वर लागतो, स्टेजवर बाराव्या गाण्याला लागत नाही. ट्रॅक तयार असल्याने पट्टी खाली आणता येईना, आणली तर सूर रबरासारखे ताणलेले ऐकू येत. ज्याला स्टेजवर जगायचं आहे त्याने ट्रॅक स्टुडिओतल्या सोयीच्या पट्टीपेक्षा एक स्वर खालीच करून घ्यावेत. रेकॉर्डमध्ये चमक थोडी कमी होते, पण चौथ्या तासाला गळा शाबूत असतो. दुसरं, भजनाचा आणि मांडवाचा गायक माईक तोंडाला लावून गातो. बंदिस्त सभागृहात तो आवाज छातीवर येतो. प्रेक्षक अर्धे पासवरचे, त्यांतले अर्धे मध्यंतरात गेले.

भावगीतं वाईट होती असं नाही. पण त्या भाषेत त्यांच्याइतकं लिहिणारे ठाण्यात शंभर आहेत. 'ज्या मान्सानी चूल थापली' अशा ओळीत जो जिव्हाळा येतो, तो लिहिणारे फार थोडे. चार वर्षं आणि बँकेतली ठेव मोडून ते पुन्हा मांडवात परतले.

मांडवाचा हिशेब

आगरी-कोळी गायकाची चूल हळदीच्या नाइटवर पेटते, हे पुढचं सगळं वाचताना विसरू नये. नाइट म्हणजे एका कार्यक्रमाचं मानधन, सुपारी म्हणजे कार्यक्रमाची ठरवाठरव, बयाणा म्हणजे आगाऊ रक्कम. समजा सुपारी पन्नास हजारांची. साऊंड पंधरा हजार. सहा वादक प्रत्येकी अडीच हजार: कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, ढोल, बेंजो आणि कोरस सांभाळून टिमकी वाजवणारा एक. सहगायिका पाच हजार, टेम्पो तीन हजार. उरले बारा. त्यातून मांडववाल्यापासून घरच्या पाहुण्यापर्यंत कुणी ना कुणी काही मागतोच. सुपारी फुटली तर वादकांची नाइट बुवांच्या खिशातून. म्हणून बयाणा निदान वादकांच्या अर्ध्या नाइटइतका हवा. बुवांनी पहिली पंधरा वर्षं शेदोनशे रुपयांवर नारळ-सुपारी घेऊन तारीख बांधली, आणि चातुर्मास आधी आल्यागत ऐन वेळी लग्नं पुढे ढकलली गेली की तोंड वर करून बसले.

वर्षाचा आराखडा असा: तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत हळदी. मग नारळी पौर्णिमा, दहीहंडी, गणपती, नवरात्र, आणि मधेच एकवीरा आईच्या पालख्या. पितृपक्ष रिकामा. या रिकाम्या पंधरा दिवसांत बुवा लिहितात.

रात्रीचा क्रमही ठरलेला. आधी गणपती, मग एकवीरा आई, मग हळदीची गाणी, त्यात धवलारीण, म्हणजे लग्नविधीची पारंपरिक गाणी (धवले) गाणारी बाई, असेल तर तिला जागा द्यायची, तिच्या धवल्यावर बेंजो वाजवायचा नाही. ही चूक नवी पोरं हमखास करतात आणि घरची म्हातारी माणसं उठून जातात. त्यानंतर कोळी ठेक्याची, सिक्स-एटच्या झुलत्या लयीतली गाणी, आणि शेवटी नाच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत देऊ शकतं, पण ती सणांना, तुमच्या पुतण्याच्या हळदीला नाही. पाहुणे नऊला जमतात, त्यामुळे खरा कार्यक्रम एका तासाचा. दहाला पाच कमी असताना साऊंडवाला मनगटावर बोट ठेवतो. म्हणून ते हिट गाणं सव्वानऊला घ्यायचं. पावणेदहासाठी राखून ठेवलं आणि वरात उशिरा आली, की मुखड्यातच लाईन बंद होते.

एवढं सगळं वाजून रॉयल्टी किती? या मांडवातून शून्य. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीतल्या वाजवण्याला सूट आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची मिरवणूक व लग्नाशी जोडलेले सामाजिक समारंभ येतात. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग विभागाने पुन्हा तेच बजावलं. म्हणजे बुवांचं गाणं जिथे सर्वांत जास्त वाजतं तिथेच कायदा त्यांच्यासाठी पैसे मागत नाही. चूक म्हणावं का? वधूपित्याकडून गाण्यामागे वसुली करणं शोभणारही नाही. पण गायकाने हिशेब करताना हे भोक धरूनच चालावं: हळद नाइट देते, रॉयल्टी देते ती यूट्यूब, रेडिओ, मोबाईल ॲपं, तिकिटाचे कार्यक्रम आणि मंडळांचे स्टेज.

स्वतःच्याच गाण्यावर दावा

२०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि हळदी गाण्यांची फॅक्टरीच निघाली. एका डीजेने १९९९ च्या कॅसेटवरचं ब बाजूचं चौथं गाणं उचलून खाली नवा बेस टाकला. तेच हे गाणं, आता सगळीकडे वाजणारं. बुवांना कळलं ते शेजारच्या हळदीत, लहान पोराच्या तोंडून: "बुवा, यो गाना तुमचाच हाय ना? यूट्यूबवर तर दुसऱ्याचा नाव हाय."

२०२० च्या टाळेबंदीत मांडव ओस पडले, पन्नास माणसांची अट आली. कंपनीनेही निवृत्ती योजना आणली आणि बुवांनी ती घेतली. हाती वेळ आला. त्यांनी ते गाणं नव्याने रेकॉर्ड केलं, स्वतःच्या चॅनेलवर टाकलं आणि दोन दिवसांत दावा आला. जुन्या कॅसेट कंपनीचा माल गाणी ॲपांवर पोचवणाऱ्या कुठल्यातरी वितरकामार्फत यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाणी आपोआप ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेत, गेला होता, आणि यंत्राने चाल जुळवली. २०१८ च्या गाण्यावर दुसराच दावा होता. अरेंजरने एका लूप पॅकमधला (वाजवलेल्या तयार तुकड्यांच्या विकतच्या संचातला) ढोल वापरला होता, तोच ढोल दुसऱ्या कुणाच्या हळदी गाण्यात होता आणि त्याने आपलं गाणं आधी नोंदवलं होतं. विकत घेतलेला लूप सर्वांचा असतो, तो कुणालाच एकट्याच्या नावावर नोंदवता येत नाही. नियम असा असूनही नोंदी सर्रास होतात.

लोक इथे दोन चुका करतात. पहिली, दावा आणि स्ट्राइक (चॅनेलवरची शिक्षा) एकच समजून व्हिडिओ काढून टाकतात. दावा म्हणजे जाहिरातीचे पैसे दुसरीकडे वळणं, चॅनेलवर शिक्षा नाही. दुसरी, "पाहू निवांत" म्हणून महिना घालवतात. दाव्यानंतर पाच दिवसांच्या आत आक्षेप घातला तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे अडवून ठेवले जातात, आणि निकाल लागला की जिंकणाऱ्याला मिळतात. दावेदाराला उत्तरासाठी तीस दिवस. त्याने दावा कायम ठेवला तर अपील, त्यावर सात दिवस. अपिलावर त्याने काढण्याची विनंती केली तर मात्र स्ट्राइक लागू शकतो, तेव्हा कागद हातात नसताना अपिलापर्यंत जाऊ नये. बुवांच्या पोराने ढोलच्या दाव्यावर लूप पॅकचा परवाना दाखवून आक्षेप घातला, तिसाव्या दिवशी दावा आपोआप गेला. चालीच्या दाव्यावर मात्र तो थांबला, आणि शहाणपणाने थांबला.

दुरुस्ती

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून निघालं ते असं: कॅसेटचं वेष्टन, १९९९ चा कागद, २००६ च्या कराराची झेरॉक्स आणि शिफ्ट डायरीच्या मागे लिहिलेले अंतरे. कलम ५२अ नुसार ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचं नाव-पत्ता, मालक आणि प्रकाशनाचं वर्ष छापावं लागतं. त्यामुळे वेष्टन हा पुरावा दुहेरी ठरला: कंपनीने स्वतःच्या हाताने गीत-संगीत बुवांचं म्हटलं होतं आणि वर्षही टाकलं होतं.

मग कॉपीराइट कार्यालयात नोंदणी. ती सक्तीची नाही, हक्क लिहिल्या क्षणापासून असतो, पण वाद पडला की नोंदणी हातात असावी. फॉर्म १४, साहित्यकृतीला ५०० रुपये, संगीतकृतीला ५००, ध्वनिमुद्रणाला २,०००. अर्जानंतर तीस दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. शब्द आणि चाल दोन स्वतंत्र अर्ज, इथे बहुतेक जण एकाच अर्जात दोन्ही घालतात आणि त्रुटीपत्र येतं.

नंतर आयपीआरएस. ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची संस्था १९६९ ची, २०१७ मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदलेली. सभासद झालं म्हणजे पैसे सुरू झाले, असं नसतं. प्रत्येक गाणं वेगळं कळवावं लागतं: शीर्षक, गीतकार, संगीतकार, प्रकाशक, गायक, कालावधी, आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा क्रमांक, त्याबद्दल पुढे). हक्क प्रकाशकाकडे असतील तर साधारण वाटणी प्रकाशक पन्नास, गीतकार पंचवीस, संगीतकार पंचवीस टक्के. प्रकाशक नसेल तर गीतकार आणि संगीतकार निम्मेनिम्मे, आणि बुवा दोन्ही असल्याने पूर्ण. गायक म्हणूनचा वाटा निराळा, त्याची संस्था आयएसएएमआरए.

या सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नावाच्या स्पेलिंगने. पॅनवर एक, वितरकाकडे दुसरं, चॅनेलवर तिसरं. ॲपांवर तीन वेगळे गायक तयार झाले, प्रत्येकाकडे थोडी थोडी गाणी. एक स्पेलिंग ठरवून सर्वत्र तेच टाकायला, जुनी पानं एकत्र करून घ्यायला चार महिने गेले. पॅनवरचं घ्यावं. शोभेला वाटतं म्हणून बदललं की बँकेत अडकतं.

आयएसआरसी म्हणजे रेकॉर्डिंगचा बारा अक्षरांचा क्रमांक: दोन देशाची अक्षरं, तीन नोंदवणाऱ्याची, दोन वर्षाचे अंक आणि पाच क्रमाचे. नवं रेकॉर्डिंग, नवा क्रमांक. रिमिक्सलाही नवा. पण तेच रेकॉर्डिंग एका वितरकाकडून दुसऱ्याकडे नेताना जुनाच क्रमांक न्यायचा, नाहीतर आजवरचे प्ले शून्यावर येतात. वितरकाला द्यायची फाईल वेव्ह, निदान १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, कव्हर चौकोनी ३,००० पिक्सेल. एमपीथ्रीतून वेव्ह बनवून पाठवू नये, ती बाहेरून वेव्ह आणि आतून एमपीथ्रीच राहते.

कॅसेट कंपनीला नोटीस गेली तेव्हा ती भांडायला आली, मग कागद पाहून बसली. कारण गाठ दोन्हीकडून होती. शब्द आणि चाल बुवांची, तेव्हा कंपनीला जुनं रेकॉर्डिंग चालवत राहायला बुवांचा परवाना हवा. रेकॉर्डिंग कंपनीचं, तेव्हा तो जुना आवाज बुवांना वापरता येणार नाही. नवीन रेकॉर्डिंगवरचा दावा कंपनीने सोडायचा, जुन्याच्या उत्पन्नात बुवांना गीत-संगीताचा वाटा द्यायचा आणि नाव दुरुस्त करायचं, यावर तडजोड झाली. कोर्टात गेले असते तर बुवा बहुधा जिंकलेही असते, पण तोवर गाणं जुनं झालं असतं. डीजेने मात्र फक्त नाव टाकून हात वर केले. नाव टाकणं ही त्याची मेहरबानी नव्हती: कलम ५७ नुसार हक्क विकल्यावरही कर्तृत्व सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

२००६ चं गाणं अडकलेलंच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-चित्रपट गाण्यांच्या लेखकांना दिलासा दिला. त्यांच्या शब्द-चालीच्या कुठल्याही वापरातून रॉयल्टीचा समान वाटा घेण्याचा हक्क त्यांना सोडता येत नाही, तसा करार केला तरी तो निरर्थक. शिवाय करार होताना जे माध्यम वापरातच नव्हतं, त्याला तो करार नावानिशी उल्लेख असल्याशिवाय लागू नाही. पण २००६ च्या करारावर ही दुरुस्ती किती चालवता येते, हा वकिलाने लढवायचा मुद्दा आहे. ते पैसे येणार म्हणून घराचा हप्ता धरू नये. बुवांनी सध्या एवढंच केलंय की गाणं आयपीआरएसला गीतकार-संगीतकार म्हणून कळवून ठेवलंय.

आता नवीन कागद कसा असतो तेही सांगून टाकू. हस्तांतर नाही, परवाना. तीन वर्षं, भारत, नावानिशी सांगितलेली ॲपं. 'सर्व माध्यमं' हा शब्द दिसला की त्यावर रेघ. दर सहा महिन्यांनी हिशेब. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा स्टँप पेपर गेला, करारांना पाचशेचा लागतो, एवढा खर्च करावा. आणि स्टुडिओतून निघण्यापूर्वी एका कागदावर वाटे: शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्के किती, सगळ्यांच्या सह्या. अरेंजर म्हणजे संगीतकार नव्हे, त्याला अरेंजमेंटचे पैसे मिळतात. पण मधला वाजणारा तुकडा, ज्यावर पोरं नाचतात, तो त्याने सुचवला असेल तर त्याला टक्का द्यायचा की जास्त पैसे, हे गाणं गाजण्याआधी ठरवावं. गाजल्यावर सगळ्यांची आठवण वेगळी असते.

पारंपरिक

तिसरं, २०१८ चं गाणं. ढोलचा दावा गेला, पण फॉर्म भरताना बुवा एका रकान्यापाशी अडले. अंतरे त्यांचे, ठेका त्यांचा. मुखड्याची चाल मात्र चुलत आजीच्या तोंडच्या धवल्याची. ती धवलारीण होती, पट्ट्यातल्या निदान चार गावांत लग्नं लावायला जायची. तिने ती चाल तिच्या सासूकडून घेतली असणार. लोकपरंपरेतली चाल कुणाच्या मालकीची नाही, म्हणून ती स्वतःच्या नावावर टाकली तर उद्या तोच धवला गाणाऱ्या दुसऱ्या गावच्या पोरीवर यंत्र बुवांच्या नावाने दावा लावील. आज ज्याने त्यांना छळलं, तेच ते दुसऱ्याला करतील.

पोरगा म्हणाला, "बाबा, सगळे टाकतात स्वतःचं."

फॉर्मवर शेवटी असं गेलं: मुखड्याची चाल पारंपरिक, अंतरे आणि संगीतयोजन बुवांचं. कंटेंट आयडीत ते गाणं दिलंच नाही, नुसतं ॲपांवर आहे. संगीतकाराचा वाटा त्यामुळे कमी झाला. पेटीतल्या शिफ्ट डायरीत, मुखड्याच्या वर, पेन्सिलने आजीचं नाव लिहिलेलं आहे. ते कुठल्या रकान्यात टाकायचं, हे मात्र फॉर्मवर नाही.